तिसरी नळी

फुटबॉल मी पहिल्यांदा नीट पाहिला तो सोयाबीनचं बी निवडताना. मांडीवर सूप, शेजारी अर्धं पोतं, आणि समोर टीव्हीवर बावीस गडी एका चेंडूमागं धावताहेत. एवढी माणसं एवढी पळतात आणि दीड तासात एखादा गोल होतो, कधी तोही होत नाही. मला वाटलं, हा खेळ आपल्या कोरडवाहू शेतीच्याच जातीचा दिसतो. पुढं तो मला आवडला असं मी म्हणणार नाही. काही आवडून घेण्याइतकी ताकद त्या दिवसांत अंगात उरतच नव्हती. पण तो मला कळायला लागला.

टीव्ही आमचा नव्हता. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तांडा आहे, तिथल्या एका निवृत्त सैनिकाच्या घरातला तो टीव्ही. सतरा वर्षं नोकरी करून तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी गावी परतला, आणि बायकोसकट सगळे त्याला फौजीच म्हणायला लागले. पलटणीत असताना तो फुटबॉल खेळलेला. घराच्या पत्र्यावर त्यानं मोठी छत्री बसवली होती आणि ती वाऱ्यानं हलली की स्वतः वर चढून नीट करायचा. त्याचं रान आणि आमचं रान बांधाला बांध. त्याच्याकडे एक बैल, आमच्याकडे एक बैल. म्हणून आमची सावड होती.

सावड म्हणजे दोघांनी मिळून एक जोडी करायची. आज जोडी तुमच्या रानात, उद्या आमच्या. बैलांबरोबर माणसंही तशीच जायची, दोन्ही घरची, बायका धरून. याला कागद नसतो आणि साक्षीदारही नसतो. दोन घरांनी एकमेकांना दिलेला शब्द, एवढंच. त्यामुळं ती मोडायला फार काही लागत नाही. रागाच्या भरात एखाद्यानं "उद्यापासून आमचा बैल येणार न्हाई" म्हटलं की झालं.

मला या सावडीची किंमत फौजीपेक्षा आणि माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळत होती. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, गोठ्यात बैल एकच असला तरी. तर मी लग्न होऊन आले तेव्हा या मालकांना सावडीला कोणी मिळत नव्हतं, कारण त्यांचा स्वभाव सगळ्या शिवाराला ठाऊक होता. एका बैलावर पेरणीची तिफण चालत नाही. म्हणून पहिली पाच वर्षं आमचं रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याकडे होतं आणि त्याच रानात मी रोजानं तण निंदायला जात होते. बटईदाराची बायको बांधावरून मला सांगायची, "बाई, ती वळ राहून राहिली तुमची." माझ्याच रानात! मी मुकाट्यानं मागं फिरून ती ओळ निंदायची. फौजी आला, त्याच्या वडिलांच्या जोडीतला एक बैल मेला, आणि आमची सावड जमली, तेव्हा कुठं मी माझ्या रानात मालकीण म्हणून उभी राहिले. ती मोडली असती तर पुन्हा खुरपं घेऊन रोजानं जाणं आलं. ही भीती माझ्या मनातून कधीच गेली नाही.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये वर्ल्ड कप जपानकडे होता, त्यामुळं सामने आपल्याकडे भर दुपारी लागायचे. पाऊस येऊन गेला होता, पण वाफसा आला नव्हता. ओल्या काळ्या रानात पाय टाकला की ते चपलेसकट धरून ठेवतं. दोन-तीन दिवस ऊन खाऊन जमीन भुसभुशीत झाली की मगच तिफण घालायची. त्या थांबण्याच्या दिवसांत मी दुपारी बी घेऊन फौजीच्या घरी जायची. फौजीची बायको माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणत होते. आम्ही दोघी ओसरीत बसून फुटकं, काळं, सुरकुतलेलं बी वेगळं काढायचो. फौजी खुर्चीत, आणि आमचे मालक भिंतीला टेकून. मालक गोल झाला की जागे व्हायचे, "कोणी मारला?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा डोळे मिटायचे.

फौजी सतत बोलायचा. टीव्हीतल्या समालोचकाला तो काही बोलूच द्यायचा नाही.

"वहिनी, बॉल बघू नका," तो मला म्हणायचा. "बॉल सगळेच बघतात. ज्याच्यापाशी बॉल न्हाई त्याला बघा. तो फालतू पळून राहिला असं वाटतं ना? त्याच्या मागं दोन गडी ओढले गेले, म्हणून तिकडं मोकळी जागा झाली."

मी बघायला लागले आणि मला ते दिसायला लागलं. चेंडू एकाकडे, पळणारे दहा. गोल मारणाऱ्याच्या अंगावर सगळे पडायचे, आणि दुसऱ्या टोकाला हातमोजे घातलेला एकटाच उड्या मारायचा. त्याच्या पुढं उभे राहणारे चार गडी मला फार जवळचे वाटायला लागले. त्यांनी दहा वेळा चेंडू अडवला तर कोणी नाव घेत नव्हतं, अकराव्या वेळी चुकले की पडद्यावर त्यांचाच चेहरा मोठा करून दाखवायचे. "हे तर आपल्यासारकेच हायत," मी अक्काला म्हटलं. ती सुपातून नजर न काढता हसली.

फौजीचं एक बोलणं मला खरं तर तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं. सामना संपायला दहा-पंधरा मिनिटं असायची, गडी कमरेवर हात ठेवून उभे असायचे. फौजी आवाज वाढवून म्हणायचा, "आता ऐका. सुरुवातीला हे लोक एकमेकाला आवाज देऊन राहिले होते, माझा, तुझा, मागं माणूस हाय. आता गप झाले. टीम थकली की पाय नंतर थांबतात, तोंड पहिले बंद होतं. आता गोल खाणार." आणि बऱ्याचदा खरंच गोल व्हायचा. एका सामन्यात तर चेंडू दोन गड्यांच्या मधोमध आला. तो घेईल म्हणून हा थांबला, हा घेईल म्हणून तो थांबला, आणि तिसराच येऊन घेऊन गेला. आम्ही चौघंही हसलो. मी तर इतकी हसले की सुपातलं निवडलेलं आणि न निवडलेलं बी एक झालं. तेवढ्यात लाईट गेली, म्हणून तो सामना कोण जिंकलं ते आजतागायत मला माहीत नाही.

वाफसा आला. आमचं रान मुरमाड, ते लवकर वाळतं, म्हणून पहिला दिवस आमचा. सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी फौजीच्या रानात तिफण घातली. त्याचं रान भारी काळं, खालच्या अंगाला अजून ओल होती. आणखी एक दिवस थांबायला हवं होतं, हे मालकांनाही दिसत होतं. पण आभाळ भरून येत होतं, मालकांना हातातलं काम संपवायचं होतं आणि फौजीला पाच वाजताचा सामना होता. दोघांची घाई वेगवेगळ्या कारणानं होती, पण जमली मात्र छान.

तिफण मालकांच्या हातात. चाडं अक्काकडे. चाडं म्हणजे तिफणीवरचं वाटीसारखं लाकडी भांडं. त्याला तीन भोकं, खाली तीन नळ्या, जमिनीत तीन ओळी. मूठभर बी बोटांच्या फटीतून तिन्ही भोकांत सारखं सोडत बैलांच्या चालीनं चालायचं असतं. ते सोपं दिसतं आणि सोपं नाही. माझ्याकडे मोघा, म्हणजे तिफणीला मागं दोरीनं बांधलेली सुटी नळी. तिच्यातून मी तुरीचं बी सोडत होते. फौजी पोती आणून देत होता, रानाच्या कडेला, धुऱ्यावर, बैल वळवत होता आणि मधून मधून मनगटावरचं घड्याळ बघत होता.

सकाळी आम्ही बोलत होतो. "अक्का, हात आवरा, दाट पडून राहिलं." "बाई, मोघा सरळ धरा." "थांबा वं, नळी झाडू द्या." प्रत्येक वळणावर अक्का काडीनं नळ्या ठोकून बघत होती, कारण ओल्या रानात फणाच्या तोंडाशी माती बसते आणि नळी चोंदते. तीन वाजेपर्यंत पायांना किलो-किलो चिखल चिकटला. माझ्या पोटऱ्या दुखत होत्या आणि कंबर तर माझी आहे की नाही तेच कळत नव्हतं. कधीतरी आमचं बोलणं थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही. नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज राहिला.

खालच्या अंगाचं एक एकर राहिलं होतं. एका वळणावर मी मोघा उचलला आणि माझी नजर चाड्याकडे गेली. तिसरं भोक काठोकाठ भरलेलं होतं. बी खाली जातच नव्हतं. अक्का मूठ सोडत होती आणि त्या भोकावरून काही दाणे घरंगळून दुसऱ्या दोन भोकांत जात होते, बाकीचे चाड्यातच साचत होते.

मला ते स्पष्ट दिसलं. मी थबकले. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, चाडं अक्काचं आहे, तिला दिसेलच. आपण बोललो तर तिला वाटेल ही माझ्या हातावर लक्ष ठेवते. मालक खेकसतील, "तू तुझा मोघा सांभाळ." बैल थांबतील, फण उचलायचा, माती काढायची, पुन्हा जुळवायचं, आणि मला फक्त घरी जायचं होतं. दोरी पुढं ओढली गेली, मी मागं चालायला लागले. पुढच्या वळणावर मी चाड्याकडे पाहिलंच नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हेही सांगून टाकते.

पावणेपाचला रान संपलं आणि पोत्यात बी उरलं. चांगलं पायलीभर उरलं. आमच्याकडे पेरून बी उरलं की लोक खूश होतात, बरकत आली म्हणतात. ते का उरलं, हे विचारणं अपशकुनाचं समजतात. मालक म्हणाले, "बरकत हाय फौजीच्या रानात!" फौजीनं पोतं खांद्यावर टाकलं आणि सामन्यासाठी जवळजवळ पळतच गेला. अक्का काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही.

सोयाबीन आठवडाभरात वर येतं. आठव्या दिवशी खालच्या एकरात दोन ओळी हिरव्या आणि एक काळी, दोन हिरव्या आणि एक काळी, थेट रस्त्यापर्यंत. हिंगोली-वाशीम रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसांनाही दिसावं असं. तांड्यातली माणसं येऊन बघून जात होती. कोणी हसत नव्हतं, पण बघून जात होतं.

धुऱ्यावर आम्ही चौघं उभे होतो. मालकांनी सुरुवात केली. "चाडं कोणाच्या हाती व्हतं? ज्याच्या हाती चाडं, जिम्मेदारी त्याची."

"आन तिफण हाकणाऱ्यानं मागं वळून बघायचंच न्हाई का?" फौजी म्हणाला. "तुमची नजर कुठं व्हती?"

"माझी बैलावर व्हती. तुमची घड्याळावर व्हती."

हा तोच फौजी, जो टीव्हीसमोर मला सांगायचा की गोल खाल्ल्यावर जे एकमेकांकडे बोट दाखवतात ते दुसराही गोल खातात. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या टीमला शहाणपण शिकवणं सोपं असतं. स्वतःचं एकर गेल्यावर त्याचंही बोट वर आलंच, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. आवाज चढत गेले. शेवटी मालक म्हणाले, "आमच्यावर भरोसा न्हाई तर सावड कशाला पायजे? उद्यापासून आमचा बैल येणार न्हाई." आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागं. पेरणी झाली म्हणजे शेती झाली असं नसतं, पुढं कोळपणी होती, तिला जोडी लागते. कोळपणी झाली नाही तर आमचं नीट उगवलेलं रान तणात जाणार. मला बटईदाराच्या बायकोचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन दिवस मालक जेवले, झोपले आणि कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी फौजीचा निरोप आला, बसून बोलू म्हणून. मालक आढेवेढे घेत निघाले. मी बरोबर गेले. वाटेत मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. मला दिसलं होतं, मी बोलले नाही, एवढंच वाक्य. मनात मी ते दहा वेळा म्हणून पाहिलं.

टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मालक भिंतीला टेकले नव्हते, पाय खाली सोडून उठायच्या तयारीत बसले होते. फौजी घसा साफ करत होता. तेवढ्यात अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो खाली ठेवला आणि मालकांकडे बघून म्हणाली, "भाऊ, चुकी माझी हाय. चाडं माझ्या हाती व्हतं. नळी चोंदली ते मला दिसलं व्हतं. मी थकले व्हते, बोलले न्हाई."

फौजी तिच्याकडे बघतच राहिला. मालकांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "असं बोलल्यावर मग इषयच मिटला," ते म्हणाले. "मी तेच म्हणून राहिलो होतो." आता माझी पाळी होती. वाक्य तयार होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, 'बघ, मी म्हणत नव्हतो?' अशा नजरेनं. मी तांब्या उचलला आणि पाणी प्यायले. फौजीनं टीव्हीचा आवाज वाढवला. मालक भिंतीला टेकले. सावड टिकली. पुढं पाच-सहा वर्षं ती चालली, भाड्याचे ट्रॅक्टर गावोगाव फिरायला लागून आमचे दोन्ही बैल बाजारात जाईपर्यंत.

काळ्या ओळी भरायच्या राहिल्या होत्या. तिथं तिफण जाणार नव्हती, खुरप्यानं टोकूनच लावायचं होतं. वीतभर अंतरावर खळगा, दोन दाणे, वरून माती. उरलेलं बी त्याला पुरणार होतं. ते काम बायकांचं, हे सांगायची गरज कोणाला पडली नाही. मी तीन दिवस आपणहून गेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि शेवटचा सामना होता. तांड्यातले निम्मे पुरुष फौजीच्या ओसरीत जमले होते. त्यांचा ओरडा वाऱ्याबरोबर रानापर्यंत येत होता. काय झालं असेल याचा आम्ही अंदाजही करत नव्हतो. दोन शेजारच्या ओळी धरून आम्ही वाकून पुढं सरकत होतो, एकमेकींच्या बरोबरीनं.

नवी ओळ धरताना मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मलाबी दिसलं व्हतं."

तिचा हात थांबला नाही. "ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी थबकला होता. दोरी ताणली गेली, म्हणून मी वळून पायलं. तुमी चाड्याकडंच बघून राहिल्या होत्या."

"मग परवा माझं नाव काहून घेतलं न्हाई?"

"घेतलं असतं तर तुमच्या मालकाला चारचौघांत खाली बघावं लागलं असतं, आन ते उठून गेले असते. मग ते काही परत आले नसते." तिनं खळग्यात दोन दाणे टाकले आणि माती सारली. "आमचं काय बाई, फौजीची पेन्शन हाय. जोडी न्हाई जमली तर आमी हिंगोलीहून ट्रॅक्टर सांगू. तुमी काय केलं असतं? पुन्हा खुरपं घेऊन बटईवाल्याच्या हाताखाली गेला असता. मी पायलंय ना तुमाला तवा, ह्या बांधावरून."

मला आधी राग आला. लाज नंतर आली. हिनं मला त्या दिवसांत पाहिलं होतं, माझ्याच रानात दुसऱ्याची बोलणी खाताना, आणि इतकी वर्षं शेजारी बसून बी निवडताना एका शब्दानं बोलली नव्हती. माझी भीती मी कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही, आणि ती हिला पहिल्यापासून माहीत होती. मला रडू येईल असं वाटलं, पण रडायचं म्हणजे बसावं लागतं आणि अजून आठ ओळी बाकी होत्या.

माझ्या ओटीतलं बी संपत आलं होतं. अक्कानं ते पाहिलं, आपल्या ओटीतली एक मूठ माझ्या ओटीत टाकली, आणि आम्ही पुढं सरकलो.